स्टॉपरच्या आईची फाईल: क्लब बदलताना काय बघायचं

बडोद्यात मुलगा खेळाडू आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "बॅट्समन की बोलर?" विजय हजाऱ्यांपासून पठाण बंधूंपर्यंत सगळे बडोद्याकडूनच खेळलेले, तेव्हा लोकांचा तरी काय दोष? आमचा मुलगा फुटबॉल खेळतो, तेही मागे, स्टॉपर म्हणजे मधला बचावपटू म्हणून, आणि त्यावर त्याचं पोट चालतं, हे दांडिया बाजारातल्या आमच्या नातलगांच्या गळी उतरायला बराच काळ गेला. आता त्यांच्याच ओळखीतून मला फोन येतात. "मावशी, एका क्लबानं बोलावलंय, काय करू?"

मी बँकेत कर्जखात्यात होते. ऑफसाइड मला उशिरा कळला, पण करारातलं बारीक अक्षर आधीपासून वाचता येत होतं. मुलाने आजवर चार गावचे क्लब पाहिले, आणि त्यांचे सगळे कागद माझ्याकडे एका निळ्या बॉक्स फाईलमध्ये आहेत. तेव्हा हे लिहिते आहे ते आईबापांसाठी, त्यातही बचावपटूच्या आईबापांसाठी. स्ट्रायकरचं गणित वेगळं. त्याने वर्षात आठ गोल मारले की पुढचं काम गोलच करतात. स्टॉपरचं नाव पेपरात येतं ते बहुधा तो चुकला म्हणून. त्याच्या खात्यावर जमा होतात ती फक्त मिनिटं. पुढचा क्लब विचारतो तेही तेच: गेल्या हंगामात सुरुवातीपासून किती सामने खेळलास? म्हणून प्रत्येक बदलाच्या वेळी मी दोनच गोष्टी धरून बसते. तिथे मिनिटं मिळणार का, आणि कागदात काय लिहिलंय. क्लबाचं नाव, जर्सीचा रंग, स्टेडियमचे फोटो हे सगळं नंतर.

जागा मोकळी आहे का, ते आधी बघा

आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीग या देशातल्या वरच्या स्पर्धेत, २०२१-२२ पासून एका वेळी मैदानावर चारच परदेशी खेळाडू चालतात, आधी पाच चालायचे. बहुतेक क्लब त्यातला एक परदेशी मधल्या बचावात ठेवतात. म्हणजे चार जणांची बचावफळी असेल तर मधल्या दोन जागांपैकी भारतीय मुलासाठी उरते एक. त्या एका जागेवर आज कोण आहे, त्याचं वय काय, त्याचा करार कधी संपतो, गेल्या वर्षी तो किती सामने बाहेर होता, हे सगळं इंटरनेटवर फुकट मिळतं. एक संध्याकाळ घालवा. प्रशिक्षक तीन स्टॉपर खेळवणारा असेल तर जागा वाढते. मुलगा डावखुरा म्हणजे डाव्या पायाचा असेल तर भाव वाढतो, कारण डाव्या बाजूचा स्टॉपर सहज मिळत नाही. साइड बॅकच्या, म्हणजे बचावातल्या कडेच्या जागांवर मात्र बहुतेक भारतीयच असतात. त्यामुळे मुलगा दोन्हीकडे खेळू शकत असेल तर तसं स्पष्ट सांगायला लाजू नये.

आणि प्रशिक्षकाशी मुलाने स्वतः बोलावं. आई-बाबांनी नाही, एजंटानेही नाही. "मी तुमच्या यादीत कितवा?" एवढंच विचारायचं. जो प्रशिक्षक "तू तिसरा आहेस, पण जानेवारीपर्यंत एकाला कर्जावर (म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबात खेळायला) पाठवणार आहोत" असं खरं सांगतो, त्याच्याकडे तिसरा म्हणून जावं. जो म्हणतो "सगळे सारखेच आहेत, मेहनत कर", त्याच्याकडे जाताना दहादा विचार करा.

ज्यांचे रस्ते सगळ्यांना दिसतात अशा दोन-तीन खेळाडूंकडे बघा. संदेश झिंगन चंदीगढचा. सुरुवात २०११ ला युनायटेड सिक्कीममध्ये, तेव्हा तो क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. मग मुंबई एफसी. २०१४ ला केरळा ब्लास्टर्समध्ये आला आणि पहिल्याच आयएसएलचा उगवता खेळाडू ठरला. तरी मधल्या काळात पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सकडे आणि बेंगळुरूकडे कर्जावर जाऊन खेळलाच. २०२० ला एटीके मोहन बागान, २०२१ ला क्रोएशियातला शिबेनिक. तिथे दुखापतीमुळे एकही सामना न खेळता जानेवारी २०२२ मध्ये परत. मग बेंगळुरू, आणि २०२३ ला गोवा. लोक शिबेनिकचा किस्सा अपयश म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. परत आल्यावर त्याला इथे लगेच जागा होती, कारण आधीची मिनिटं भक्कम जमा होती.

दुसरा मुंबईचा राहुल भेके. त्याच्या नोंदीत २०१५ आणि २०१६ ला एकाच वर्षात दोन-दोन क्लब दिसतील: ईस्ट बंगाल आणि केरळा ब्लास्टर्स, मग ईस्ट बंगाल आणि एफसी पुणे सिटी. हे बघून एका काकांनी मला विचारलं होतं, "एवढा चंचल का हो?" चंचल नाही. तेव्हा आयएसएल ऑक्टोबर ते डिसेंबर तीनच महिने चालायची आणि आय-लीग ही देशातली दुसरी मोठी स्पर्धा त्यानंतर, म्हणून खेळाडू एका स्पर्धेत इथे आणि दुसऱ्या स्पर्धेत तिथे खेळायचे. २०१७-१८ पासून दोन्ही एकाच वेळी सुरू झाल्या आणि ती सोय संपली. भेके बेंगळुरूला स्थिरावला, मार्च २०१९ च्या आयएसएलच्या अंतिम सामन्यात ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर डोक्याने गोल केला आणि कप बेंगळुरूला मिळाला. पुढे मुंबई सिटीकडून एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबाविरुद्धचा विजयी गोलही त्याचाच. आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाने जिंकलेला तो पहिला सामना. स्टॉपरने हेडिंगचा सराव समोरच्या संघाच्या गोलपुढच्या पेटीतही करावा, असं मी मुलाला सांगते तेव्हा तो हसतो, पण करतो.

तिसरा अनस एडथोडिका. मुंबई एफसी, पुणे एफसी, दिल्ली, मोहन बागान असं खेळत खेळत भारताकडून पहिला सामना खेळला तो २०१७ मध्ये, वयाची तिशी गाठल्यावर. एकवीस वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी "आता काय उपयोग" असा सूर लावला की मी हे एकच उदाहरण देते. खेळ वाचायला शिकायला वेळ लागतो, आणि स्टॉपरला पळण्याइतकंच वाचावं लागतं.

व्हिडिओ कसा पाठवायचा

हल्ली सगळे दोन मिनिटांचा गाणं लावलेला व्हिडिओ पाठवतात. घसरून मारलेले टॅकल, चेंडू उडवून बाहेर. आमच्या मुलाच्या एका प्रशिक्षकाने मला बसवून समजावलं की बचावपटू घसरला म्हणजे बहुतेक वेळा तो आधी चुकीच्या जागी उभा होता. त्यांना बघायचं असतं ते चेंडू दुसऱ्या बाजूला असताना हा कुठे उभा आहे, खांदे कुठल्या दिशेला, साथीदार पुढे गेला की कव्हर द्यायला सरकतो का, बचावफळी पुढे सरकवताना ओरडतो का. हे गाणं लावलेल्या तुकड्यांत येत नाही. म्हणून पूर्ण नव्वद मिनिटांचे दोन सामने पाठवा, त्यातला एक हरलेला. सोबत एका कागदावर जर्सीचा नंबर आणि बघण्यासारख्या पाच-सहा वेळा लिहा, बाविसावं मिनिट, एकसष्टावं मिनिट, अशा. कॅमेरा उंचावर ठेवून सबंध मैदान दिसेल असं शूटिंग हवं. पोलो ग्राउंडवर आमच्या ह्यांनी एका मित्राच्या टेम्पोच्या टपावर ट्रायपॉड लावून शूट केलेला सामना कंपनीच्या महागड्या व्हिडिओपेक्षा उपयोगी पडला.

कागद

आता माझा विषय. करारपत्र गृहकर्जाच्या कागदासारखं वाचायचं: आधी शेवटचं पान, मग मधली, सगळ्यात शेवटी पहिलं. पहिल्या पानावर आकडा असतो आणि तो पाहिल्यावर माणूस पुढचं वाचत नाही.

फिफाच्या नियमांनुसार करार किमान चालू हंगाम संपेपर्यंतचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा. मुलगा अठराच्या आतला असेल तर तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. "मेडिकल पास झाल्यास करार लागू" अशी अट करारात चालत नाही. मेडिकल करायची ती सहीच्या आधी, नंतर गुडघा दाखवून हात वर करायचे नाहीत. शेवटच्या सहा महिन्यांत मुलगा दुसऱ्या क्लबाशी करार करू शकतो, फक्त बोलणी सुरू करण्याआधी त्या नव्या क्लबाने जुन्याला लेखी कळवायचं. आपल्याकडचे पुष्कळ करार ३१ मेला संपतात, म्हणजे ते सहा महिने १ डिसेंबरला सुरू होतात. ही तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. एका हंगामात तीन क्लबांत नोंदणी होऊ शकते, पण अधिकृत सामने दोघांकडूनच खेळता येतात. सप्टेंबरात एकाकडून पाच मिनिटं उतरलात तरी तो एक क्लब मोजला जातो, हे लक्षात घेऊन जानेवारीचा विचार करा.

सगळ्यात जास्त डोकं लावायचं ते मुदतवाढीच्या कलमात. आमच्या जेवणाच्या टेबलावर एक करार आला होता, त्यात नवव्या पानावर एक ओळ: क्लबाची इच्छा असेल तर याच अटींवर आणखी एक वर्ष. खेळाडूच्या इच्छेबद्दल अवाक्षर नाही. मी पेन्सिलने गोल केला आणि मॅनेजरला फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, हे स्टँडर्ड आहे, सगळेच सही करतात." मी म्हटलं, "मग दोघांच्या लेखी संमतीने असं लिहा, तेही स्टँडर्ड होईल." दोन दिवस शांतता. ह्यांना घाम फुटला, मुलगा चिडचिड करत सूरसागर तलावाला फेऱ्या मारत राहिला. तिसऱ्या दिवशी दुरुस्त पान आलं, शिवाय वाढीव वर्षाला पगारही वाढवून. मागितलं म्हणून कोणी करार मोडत नाही. फार तर नाही म्हणतात.

आणखी काय बघायचं: पगार टीडीएस कापून की आधीचा, घरभाडं कोण देणार, सुट्टीत घरी यायचं विमानाचं तिकीट किती वेळा. बोनसमध्ये गोलचा बोनस स्टॉपरला काय कामाचा? त्याऐवजी गोल न खाता संपलेल्या सामन्याचा, आणि सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांचा मागा. सही झालेली मूळ प्रत स्वतःकडे हवीच. फेडरेशनच्या नोंदणीत जो करार चढतो तोच खरा, वेगळ्या कागदावर "आपल्यात" म्हणून लिहिलेल्या रकमेवर माझा विश्वास नाही.

पगार थकला तर रडारड न करता तारखा मोजा. दोन महिन्यांचे पगार थकले की क्लबाला लेखी नोटीस द्यायची आणि पैसे भरायला किमान पंधरा दिवस द्यायचे. तरी नाही दिले तर खेळाडू योग्य कारणाने करार संपवू शकतो. एका क्लबाने आम्हाला असं लटकवलं होतं. मी ईमेल पाठवला, त्याच मजकुराचं रजिस्टर्ड पत्र पाठवलं, दोन्हींची पोच फाईलला लावली. मुदत संपायच्या आत पैसे आले. व्हॉट्सॲपवर "सर, प्लीज पेमेंट" लिहून काही होत नाही. वाद वाढला तर अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनची प्लेयर्स स्टेटस कमिटी आहे, आणि खेळाडूंची संघटना म्हणून फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया आहे. सभासद आधीच व्हा, आग लागल्यावर नको.

क्लबच बंद पडणं हेही आपल्याकडे नवं नाही. महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद झाला, जेसीटी २०११ ला, एफसी पुणे सिटी २०१९ ला. आणि जुलै २०२५ मध्ये तर आयएसएलचा पुढचा हंगामच स्थगित ठेवल्याचं क्लबांना कळवण्यात आलं, कारण फेडरेशन आणि आयोजक कंपनीमधला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. त्या पावसाळ्यात मला इतके फोन आले की चहा गार व्हायचा. तेव्हापासून मी कुणालाही सांगते, "स्पर्धा झाली नाही तर पगाराचं काय" ही एक ओळ करारात शोधा. नसेल तर विचारा.

गुडघा आणि सर्दीची गोळी

स्टॉपर उडी मारतो, एका पायावर उतरतो, तिथेच वळतो. गुडघ्यातला लिगामेंट तुटायला तेवढं पुरतं. झिंगनचा ऑक्टोबर २०१९ ला तुटला आणि सबंध हंगाम गेला. तेव्हा करारात हे असावं: शस्त्रक्रियेचा खर्च क्लबाचा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायची मुभा, आणि करार संपला तरी सुरू असलेले उपचार पूर्ण होईपर्यंत फिजिओची जबाबदारी कोणाची. प्रत्येक एमआरआयची सीडी आणि रिपोर्ट घरी आणा, क्लबाच्या कपाटात ठेवू नका.

औषधांचं आयांनी ऐका. काढा, ताकदीची पावडर, मामांनी आणलेलं चूर्ण, काहीही क्लबाच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय नाही. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि सामन्याच्या काळात ते ठराविक मर्यादेपेक्षा जास्त सापडलं तर डोपिंग होतं. आजारामुळे बंदी असलेलं औषध घ्यावंच लागणार असेल तर नाडाकडे, म्हणजे देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेकडे, आधी अर्ज करून परवानगी घेता येते. आमच्या घरून किट बॅगेत जातो तो लीलो चिवडा, आणि तो हॉस्टेलला पोहोचल्यावर पाच मिनिटांत संपतो.

एजंट, रेल्वे आणि वयाच्या बाराव्या वर्षापासूनचे कागद

एजंट फिफाचा लायसन्सधारक आहे का ते फिफाच्या यादीत बघून घ्या. त्याच्याशी करार दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा होऊ शकत नाही. कोऱ्या कागदावर, स्टॅम्प पेपरवर, "नंतर भरू" म्हणून सही मागितली तर चहा पाजून वाटेला लावा.

बारा वर्षांच्या वयापासून मुलगा कुठल्या अकादमीत, शाळेत, क्लबात नोंदला गेला होता त्याचे कागद जपा. खेळाडूचा पासपोर्ट म्हणतात तो यावरूनच बनतो. उद्या परदेशी क्लबाने किंमत मोजून त्याला नेलं तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस वर्षांच्या काळात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. लहान क्लबाला तो मोठा आधार असतो, आणि आपल्या मुलाला पहिले बूट देणाऱ्या सरांना ते मिळायला हवेत.

आमच्या घरात सगळ्यात जास्त भांडण झालं ते रेल्वेवरून. हे पश्चिम रेल्वेतून निवृत्त, प्रतापनगरच्या ऑफिसात आयुष्य गेलेलं. त्यांचं म्हणणं स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी घ्यावी, खेळही चालू राहतो. चुकीचं नाही. पण त्या भरतीला वयाची मर्यादा साधारण पंचविसाची, आणि स्टॉपर तेव्हा कुठे उमलत असतो. माझं मत असं: बाविसाव्या वर्षापर्यंत वरच्या दोन श्रेणींत सलग एका हंगामाची मिनिटं नसतील तर अर्ज भरा, नक्की भरा. असतील तर थांबा, पण पदवी पूर्ण करा. मुलाने एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी. कॉम. केलं, परीक्षा आणि शिबिर एकाच आठवड्यात येऊनही. तिशीनंतर प्रशिक्षकाचं लायसन्स, डी आणि मग सी, खेळत असतानाच करून घ्यावं.

कराचं एक सांगते, कारण इथे सगळे गडबडतात. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, हंगाम मेमध्ये. क्लब बदलला की एकाच आर्थिक वर्षात दोन जण टीडीएस कापतात. दोघांकडून प्रमाणपत्रं मागा आणि प्राप्तिकर खात्याकडच्या टीडीएसच्या नोंदीशी ताडून बघा. जुना क्लब जूननंतर फोन उचलत नाही.

म्हणूनच हॉस्टेलची किल्ली परत करायच्या आधी हातात घ्यायचं ते: मोकळीक दिल्याचं पत्र, सगळ्या मेडिकल फाईल्स, हंगामातल्या सामन्यांची आणि मिनिटांची क्लबाच्या शिक्क्यानिशी यादी. आणि "माझं काही येणं बाकी नाही" असा कागद पुढे केला तर शेवटच्या पगाराचे पैसे खात्यात दिसेपर्यंत त्यावर सही करायची नाही, ट्रेन सुटत असली तरी.